धुराड्यापलीकडचा हिशेब : मोठ्या जहाजांच्या स्वच्छ इंधनाचा प्रश्न

आकारमानाने मोजल्यास जगातील सुमारे 80 टक्के व्यापार समुद्रमार्गे चालतो आणि मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी जवळपास 3 टक्के वायू या वाहतुकीतून हवेत मिसळतात. हा वाटा घटवण्याची चर्चा बहुधा नव्या इंजिनांभोवती फिरते. परंतु गेल्या दशकातील घडामोडी पाहता इंजिनाचा प्रश्न बराचसा सुटत आलेला असून, खरी अडचण त्यात जाळायचे इंधन कोठून आणि कशापासून आणायचे ही आहे.

जड तेलाची सद्दी

कोपनहेगनच्या बुर्माइस्टर अँड वाइन या कारखान्यात बांधलेले 1912 सालचे ‘सेलांडिया’ हे महासागरी प्रवास करणाऱ्या पहिल्या मोठ्या डिझेल जहाजांत गणले जाते. त्यानंतर स्थिरावलेले संथगती टू-स्ट्रोक डिझेल इंजिन आजही बहुतेक मोठ्या मालवाहू जहाजांत असते आणि ते गिअरच्या मध्यस्थीविना थेट प्रोपेलर फिरवते. 2006 साली सेवेत आलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचे 14 सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला जेमतेम 102 फेरे घेऊन सुमारे 1,09,000 अश्वशक्ती निर्माण करी. अशी इंजिने इंधनातील जवळजवळ निम्म्या ऊर्जेचे उपयुक्त कार्यात रूपांतर करतात. त्यामुळे केवळ इंजिन सुधारून साधण्याजोगे फारसे उरलेले नाही.

या इंजिनांना चालते ते तेल मात्र शुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरणारे, इतके दाट की सिलिंडरात सोडण्यापूर्वी ते 100 अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1 जानेवारी 2020 पासून जहाजी इंधनातील गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आणली. तथापि धूर धुऊन गंधक काढणारी ‘स्क्रबर’ यंत्रणा बसवून जुनेच तेल जाळण्याची मुभा राहिली आणि कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न होता तेथेच राहिला.

पर्यायांची पारख

पहिला पर्याय द्रवरूप नैसर्गिक वायूचा. उणे 162 अंशांना द्रवरूप होणाऱ्या या इंधनात गंधक जवळपास नसते आणि त्याच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइडही कमी निघतो. परंतु त्याचा मुख्य घटक असलेला मिथेन न जळता इंजिनातून थोडाफार निसटतो. वीस वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक असल्याने अल्प गळतीही मिळालेला लाभ खाऊन टाकते.

मिथेनॉल हे साध्या तापमानाला द्रवरूप राहणारे अल्कोहोल असल्याने हाताळण्यास सोपे आहे. 2015 साली ‘स्टेना जर्मानिका’ या स्वीडन-जर्मनी प्रवासी फेरीची इंजिने त्यासाठी बदलण्यात आली. 2023 मध्ये ‘लॉरा मर्स्क’ हे छोटे आणि 2024 मध्ये 16,000 कंटेनरांची क्षमता असलेले ‘आने मर्स्क’ ही मिथेनॉलवर चालू शकणारी जहाजे दाखल झाली. सिलिंडरातील दाबाने मिथेनॉल आपोआप सहज पेट घेत नाही, म्हणून या इंजिनांत थोडेसे डिझेल फवारून ज्वलनाला आरंभ करून देतात. वेळप्रसंगी तेच इंजिन नेहमीच्या तेलावरही चालते. मिथेनॉलची आकारमानानुसार ऊर्जाघनता तेलाच्या निम्म्याहूनही कमी असल्याने टाक्या सुमारे अडीच पट मोठ्या लागतात.

अमोनियात कार्बनच नाही आणि तो उणे 33 अंशांना द्रवरूप होतो. मात्र तो विषारी आहे, आणि ज्वलन नीट साधले नाही तर त्यातून नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट प्रभावी वायू निघू शकतो. हायड्रोजनसाठी तर उणे 253 अंशांची टाकी लागते. नॉर्वेतील ‘हायड्रा’ फेरीसारख्या लहान पल्ल्याच्या नौकांनाच तो तूर्त परवडतो.

विजेचा हिशेब

आज मिथेनॉल मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून, तर अमोनिया प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून बनतो. अशा अमोनियावर चाललेल्या जहाजाच्या धुराड्यातून कार्बन निघणार नाही, पण तो कारखान्यात आधीच हवेत गेलेला असेल. इंधन खऱ्या अर्थाने स्वच्छ व्हायचे तर सौर किंवा पवन विजेने पाण्याचे विघटन करून मिळवलेला, म्हणजेच हरित, हायड्रोजन त्याच्या मुळाशी हवा.

त्याचा आवाका अंदाजाने मांडता येतो. जगातील जहाजे वर्षाला सुमारे 30 कोटी टन तेल जाळतात. तेवढ्या ऊर्जेसाठी साधारण 65 कोटी टन अमोनिया लागेल, तर आजचे जागतिक उत्पादन सुमारे 18 कोटी टनांचे असून त्यातील बहुतांश खतांसाठी जाते. एक टन हरित अमोनियाला सुमारे 10,000 युनिट वीज धरल्यास एकूण गरज 6,500 अब्ज युनिटांची होते, आणि ती भारताच्या वार्षिक वीजनिर्मितीच्या तिपटीहून अधिक आहे. भारताने 2023 च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात 2030 पर्यंत ठेवलेले 50 लाख टनांचे वार्षिक उद्दिष्ट गाठून तो सर्व हायड्रोजन अमोनियात रूपांतरित केला, तरी जहाजांची 5 टक्केही गरज भागणार नाही.

म्हणूनच इंधनाची गरज आधी घटवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. इंजिनाला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग 10 टक्क्यांनी कमी केल्यास तेवढ्याच अंतरासाठी जवळपास 19 टक्के इंधन वाचते. वाऱ्याचाही पुन्हा विचार होत आहे : अँटोन फ्लेटनर यांनी 1924 मध्ये ‘बुकाउ’ जहाजावर फिरत्या उभ्या नळकांड्यांनी वारा पकडला होता, तर 2023 मध्ये ‘पिक्सिस ओशन’ या मालवाहू जहाजावर 37.5 मीटर उंचीची दोन ताठ शिडे बसवण्यात आली.

मोजमाप कोणते?

2023 च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2050 च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. इंधनाच्या उगमापासून ज्वलनापर्यंतचे उत्सर्जन मोजून मर्यादा ओलांडणाऱ्या जहाजांवर आकार लावणारी चौकट 2025 च्या एप्रिलमध्ये मान्य झाली खरी, पण ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बैठकीत तिच्यावरील अंतिम निर्णय वर्षभरासाठी लांबणीवर पडला. युरोपीय संघाने मात्र 1 जानेवारी 2025 पासून आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना असाच उगमापासूनचा हिशेब लागू केला आहे. जोपर्यंत सर्व समुद्रांवर हे एकच माप चालत नाही, तोपर्यंत महाग हरित इंधन भरणाऱ्या जहाजमालकाला स्वस्त तेल जाळणाऱ्याशी स्पर्धा करावी लागेल, आणि मिथेनॉलसाठी सज्ज असलेली नवी इंजिने जुन्याच तेलावर चालत राहतील.