ऑनलाइन शिकवणीत सूर टिकवायचा तर

नोकरीसाठी सोलापूर सोडून पुण्याला, हैदराबादला किंवा थेट अमेरिकेत गेलेली घरं मुलांच्या गाण्यासाठी, पेटी-तबल्यासाठी पुन्हा गावातल्याच शिक्षकांना फोन करतात. शिक्षक आनंदानं तयार होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावतात आणि पहिल्याच तासाला अडतात. लावलेला ‘सा’ पलीकडे क्षणभर नीट ऐकू येतो, मग थरथरतो, मध्येच नाहीसा होतो. तानपुरा तर पोहोचतच नाही. मग खापर इंटरनेटवर फुटतं, नाहीतर महागडा माइक घरी येतो. दोष बहुतेक वेळा तिसऱ्याच ठिकाणी असतो.

कॉलची सगळी सॉफ्टवेअर बोलण्यासाठी तयार झालेली आहेत. बोलणं तुटक असतं: अक्षर, विराम, पुन्हा अक्षर. एकाच उंचीवर सतत चालणारा आवाज दिसला की सॉफ्टवेअर तो पंख्याची किंवा एसीची घरघर समजतं आणि पुसून टाकतं. तानपुऱ्याचं तर सगळं मोल त्याच्या अखंडपणात, म्हणून पहिला बळी त्याचाच जातो. शिवाय हळू आवाज आपोआप चढवायची आणि मोठा दाबायची सोय असते. बोलताना ती उपयोगी, पण गाण्यातला आवाजाचा लगाव आणि ठेक्यातला भरी-खालीचा फरक ती सपाट करते. म्हणून शिक्षकानं आधी काही विकत आणू नये, ही ‘मदत’ बंद करावी.

झूमनं 2020 मध्ये खास संगीतासाठी सोय आणली. संगणकावरच्या झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडायचं, ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ चालू करायचा, ‘इको कॅन्सलेशन’ बंद करायचं. मीटिंग सुरू झाल्यावर पडद्यावरचं ‘ओरिजिनल साउंड’चं बटण चालू आहे ना, हे दर वेळी पाहायचं. हे सगळं दोन्ही टोकांना हवं. इको कॅन्सलेशन बंद केलं की हेडफोन सक्तीचे होतात, नाहीतर आपलाच आवाज फिरून परत येतो. हेडफोन वायरचे घ्या, ब्लूटूथ आणखी उशीर घालतं. झूमची फुकट मीटिंग 40 मिनिटांत संपते. गुगल मीटवर दोघांच्या तासाला अशी घाई नाही, तिथं निदान ‘नॉइज कॅन्सलेशन’ तरी बंद करावं. व्हॉट्सअ‍ॅप रियाजाची रेकॉर्डिंग पाठवायला ठेवावं.

मग एक परीक्षा घ्या. तानपुरा लावून पंधरा सेकंद षड्ज भरा आणि पलीकडे जे ऐकू आलं ते दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून परत मागवा. आपला आवाज पलीकडे कसा पोहोचतो, हे शिक्षकाला एरवी कधीच कळत नाही.

सॉफ्टवेअरनं पुसणं थांबवलं की खोलीतलं सगळं पलीकडे जाऊ लागतं. फरशी, वर स्लॅब, उघड्या भिंती, म्हणजे आवाज घुमणारच. त्यावर उत्तम इलाज आपल्याच गावात विणला जातो. जाड सोलापुरी चादर माइकसमोरच्या भिंतीपासून थोडी पुढे, दोरीवर टांगा. भिंतीला चिकटवण्यापेक्षा मागे हवा राहिली तर ती जास्त आवाज शोषते. पंखा मात्र बंदच ठेवावा लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ते शक्य नाही. म्हणून सकाळ बरी. इथले साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातले आदल्या संध्याकाळचे सहा, न्यूयॉर्कचे रात्रीचे नऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं तासानं सरकतात, हे वहीत लिहून ठेवा.

माइक घ्यायचाच असेल तर आजूबाजूचं ऐकून घ्या. कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळं टिपतो, गल्लीसकट. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमागाची खडखड चालू असेल तर डायनॅमिक माइकच बरा. तो जवळचं घेतो, लांबचं बरंच सोडतो. तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला ठेवला की श्वासाचे फटके बसत नाहीत. तबल्यासाठी दायाँ-डग्ग्याच्या मधोमध, थोडा वर; कॅमेराही वरून, बोटं दिसतील असा. डग्ग्याची घुमक मोबाइलच्या स्पीकरमधून ऐकू येतच नाही, म्हणून विद्यार्थ्यालाही चांगले हेडफोन हवेत. वायफायऐवजी राउटरपासून केबल ओढावी आणि वीज जाते तेव्हासाठी राउटरला छोटा यूपीएस लावावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पैशानं सुटत नाही. दोघांनी एकत्र वाजवायचं तर आवाज साधारण 20 ते 30 मिलिसेकंदांत पोहोचायला हवा. अमेरिकेपर्यंत जाऊन यायला त्याच्या दहापटीपर्यंत वेळ लागतो. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा 250 मिलिसेकंदांची, म्हणजे अख्खी मात्राच निसटते. शिक्षक हातावर ताल धरून विद्यार्थ्याला सोबत गायला सांगतो, तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि लय संथ होत जाते. ताल धरायचा मोह आवराच.

त्याऐवजी तानपुरा आणि ठेका विद्यार्थ्याच्याच खोलीत हवेत. वेगळ्या मोबाइलवर किंवा तानपुऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर ते लावायचे आणि त्याच खोलीत गायचं. आवाज आणि ठेका एकाच वाटेनं एकत्र येतात, म्हणून उशिरा ऐकूनही सम चुकली की बरोबर, हे शिक्षकाला नेमकं कळतं. शिकवायची पद्धत मग आपोआप जुनीच होते: गुरूनं म्हणावं, थांबावं, शिष्यानं म्हणावं. दोन्हीकडचा षड्ज मात्र एकच हवा. तानपुऱ्याचं अ‍ॅप सहसा 440 हर्ट्झच्या हिशोबानं बोलतं, घरची जुनी पेटी तशी असेलच असं नाही. काळी एक म्हणताना दोघांची काळी एक जुळते का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

ज्यांच्याकडे मिरजेचा तानपुरा आहे, त्यांनी तासाच्या सुरुवातीला तो माइकजवळ धरून दोन मिनिटं नुसता ऐकवावा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारीतून उमटणारे बारीक स्वर अ‍ॅपमध्ये तितके भरून येत नाहीत, आणि परदेशातल्या मुलाच्या कानावर ते एरवी पडणार कधी?

अगदी नवशिक्या मुलाला थेट ऑनलाइन तबला सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चाटीवर बोट किती पडतं, मनगट किती सैल असतं, हे पडद्यावर दिसतं, पण शिक्षकाला ते बोट धरून सरळ करता येत नाही. घरची मंडळी सुट्टीत सोलापूरला येतात तेव्हाचे तीन-चार आठवडे शिक्षकानं आधीच मागून घ्यावेत, हात बसवून द्यावा आणि मग मुलाला परत पाठवावं.