‘पारंपरिक’ म्हणजे कोण?

भाऊबीज आटोपली, धान कापणीला आलं, की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. दिवसा बाजार, पाहुणेरावळे, आणि रात्री नाटक. ब्रह्मपुरीहून वडशाकडे आणि पुढे कुरखेड्याकडे जाताना त्या दिवसांत रात्री दहानंतर दूरवरून पेटीचे सूर येतात, मग दिवे दिसतात, मग मंडप. मी गेली काही वर्षं एक वही घेऊन या मंडपांत बसतो. वहीत नाटकाची गोष्ट लिहीत नाही. गाणी लिहितो, एकेक सुटं. गायलं कुणी, साथीला काय होतं, चाल कुठे सैल पडली, कोणतं गाणं पहाटे परतताना डोक्यात घोळत राहिलं.

ही सवय मला अमेरिकेतल्या कंट्री संगीतामुळे लागली. तिकडे एकेका गाण्याची तबकडी निघते, तिला ‘सिंगल’ म्हणतात, आणि त्या एका गाण्याचं परीक्षण छापून येतं. नवं गाणं आलं की त्याच्याशेजारी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं गाणं ठेवून दोन्ही तोलली जातात. शेतकऱ्याचं, खाणकामगाराचं, रेल्वेमजुराचं हे संगीत. शहरातली माणसं त्याला बराच काळ ‘हिलबिली’ म्हणत. डोंगरातला, गावंढळ असा त्याचा अर्थ. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने १९४९ साली आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असं नाव दिलं तेव्हा कुठे त्या संगीताला जरा मानाचं नाव मिळालं. आमच्याकडे ‘झाडपी’ हा शब्द असाच वापरला गेलेला आहे. बोलीचं नाव म्हणून तो ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात आहे, आणि हिणवण्यासाठी तो लोकांच्या तोंडी आहे.

दोन्हीकडच्या वाटा मात्र एका ठिकाणी फुटतात. १९२७ साली २५ जुलै ते ५ ऑगस्ट या दिवसांत राल्फ पीअर हा तबकडी कंपनीचा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन उतरला. आसपासच्या डोंगरांतून माणसं गायला आली. त्यांत कार्टर कुटुंब होतं, क्षयाने खंगलेला जिमी रॉजर्स होता. पीअरने गाणी घेतली तशी नावंही घेतली. ती तबकडीवर छापली गेली, म्हणूनच आज कार्टर कुटुंबाच्या एका गाण्याची रॉजर्सच्या दुसऱ्या गाण्याशी तुलना करता येते. अन्याय तिथेही झाला. ए. पी. कार्टर डोंगरांतून गाणी गोळा करत हिंडायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. कार्टर शब्द टिपायचा, चाल रिडलच्या डोक्यात राहायची. तबकडीवर नाव कार्टरचं आलं. पण निदान हा अन्याय झाला हे कळण्याइतका पुरावा तिथे उरला.

आमच्याकडे काय उरलं ते पाहू. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटजवळ नदीत बुडून वारले. त्यांच्या कागदपत्रांत एक लांबलचक गोंडी गीत सापडलं : लिंगोचं, गोंडांच्या उत्पत्तीचं. रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ साली इंग्रजी भाषांतरासह छापलं. १८७१ मध्ये जेम्स फोर्सिथ यांनी मध्य भारतातल्या डोंगररानावरच्या आपल्या पुस्तकात त्याला अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या छंदात बसवलं. संग्राहकाचं नाव आहे, संपादकाचं आहे, छंदात बसवणाऱ्याचं आहे. ज्याने ते गायलं तो कोण? एक परधान. इतकंच.

मला हा ‘एक परधान’ टोचतो. कारण परधानाची सगळी विद्याच मुळी नावं जपण्याची. गोंडांच्या घरोघरची कुळी, देव, पूर्वज, कोण कुठून आला आणि कोणाशी सोयरीक झाली, हे सगळं परधानाच्या गळ्यात असतं. शामराव हिवाळे या मराठी माणसाने १९४६ साली ‘द परधान्स ऑफ दि अप्पर नर्बदा व्हॅली’ हे पुस्तक लिहिलं. परधान ठरावीक वर्षांनी आपल्या गोंड यजमानाच्या दारी मंगतेरीला जातो, वाद्य वाजवून गातो आणि आपला हक्काचा वाटा घेतो, ही रीत त्यात नीट उतरली आहे. मंडल्याकडे त्या वाद्याला बाना म्हणतात. आमच्याकडे, राजुरा-जिवतीच्या माणिकगड डोंगरात आणि पलीकडे आदिलाबादेत, त्याला किकरी म्हणतात. कोरलेलं लाकडी भांडं, त्यावर कातडं, घोड्याच्या केसांच्या तीन तारा, आणि गज. गज फिरला की जो आवाज येतो तो व्हायोलिनसारखा गुळगुळीत नसतो. त्यात घशातली खरखर असते, म्हणून गाणाऱ्याचा आवाज कुठे संपला आणि तारेचा कुठे सुरू झाला हे कळत नाही. जॉर्जियाच्या फिडलिंग जॉन कार्सनची १९२३ सालची पहिली तबकडी मी ऐकली तेव्हा मला हीच खरखर आठवली. त्या मुद्रणाला पीअरनेच आधी भयंकर म्हटलं होतं, असं सांगतात. विकली मात्र ती धडाक्यात गेली.

या डोंगरातल्या परधानांबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या मारलवाईत राहून राज गोंडांचा अभ्यास करत होते. त्यांनी नोंदवलं आहे की इथल्या परधानांची घरची भाषा मराठी, आणि यजमानासमोर मात्र ते पवित्र कथा गोंडीतून गातात. आदिलाबाद म्हणजे काही परका मुलूख नव्हे, राजुरा तालुका १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या एका समाजाने दुसऱ्या भाषेतलं महाकाव्य पिढ्यानपिढ्या तोंडपाठ सांभाळलं. मराठी संगीताच्या इतिहासात याला एक प्रकरण मिळायला हवं. मी पाहिलेल्या पुस्तकांत त्याला एखाददुसरी ओळ मिळते, आणि तीही बहुधा ‘आदिवासी वाद्ये’ या मथळ्याखाली.

किकरीचं परीक्षण करायचं तर कशावर? माझी कसोटी अशी. परधान कथेतून मध्येच थांबून किकरी एकटी वाजवू देतो, ती जागा पाहायची. कच्चा गायक तिथे फक्त श्वास घेतो. पक्का गायक तिथे मागच्या कडव्यातली चाल थोडी वाकवून परत आणतो, आणि ऐकणाऱ्यांतला एखादा म्हातारा मान हलवतो. त्या मान हलण्यावर माझा जितका भरवसा आहे तितका कोणत्याही पुरस्कारावर नाही.

इंद्रावती, पर्लकोटा, बांडियाच्या खोऱ्यांत, भामरागड-एटापल्लीकडे, वेगळी गोष्ट. तिथे माडियांचा रेला. नाव पालुपदातल्या ‘रे रे ला’वरून पडलं असं मानतात, तेलुगूत रेला म्हणजे बहावाही. मुली एकमेकींच्या कमरेभोवती हात घालून ओळ धरतात, मुलं समोर. एका बाजूने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची, पण पहिलीचा शेवटचा सूर विझायच्या आत. त्यामुळे गाण्यात फट पडत नाही. चार-पाच सुरांतच सगळं चालतं, आणि बाहेरून आलेल्याला पहिल्या अर्ध्या तासात ते एकसुरी वाटतं. मलाही वाटलं होतं. तासाभराने कान पावलांकडे वळतो, तेव्हा कळतं की फरक सुरात फार नाही, वजनात आहे. अमुक कडव्याला पाऊल किंचित उशिरा पडतं आणि सगळी ओळ एका बाजूला कलते.

अशा गाण्याची सिंगल काढायची म्हणजे मोठी पंचाईत. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत संपत असे. कंट्रीवाल्यांनी त्या तीन मिनिटांत गोष्ट सांगायला शिकून घेतलं, तो त्यांचा घाटच होऊन गेला. रेला तीन मिनिटांत अजून सुरूही झालेला नसतो. शहरातल्या महोत्सवात मोरपिसं लावून सहा मिनिटांचा रेला सादर होतो तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतात, निवेदक ‘पारंपरिक आदिवासी नृत्य’ असं सांगतो आणि उतरतो. ओळ टाकणारी मुलगी कोण होती? तिने जुन्या चालीत आजच्या रस्त्याबद्दल, गावात आलेल्या मोटारसायकलबद्दल जागच्या जागी बांधलेलं कडवं कुणी टिपलं? रेल्यात नवी ओळ घालणं हे कवीचंच काम आहे. ‘पारंपरिक’ हा शब्द त्या कवीला पुसून टाकतो. मी वहीत तो शब्द लिहीत नाही. नाव मिळालं नाही तर गावाचं नाव, आणि ‘डावीकडून तिसरी, तिने कडवं बदललं’ असं लिहितो.

वडशाकडे आलं की हवा बदलते. देसाईगंज-वडसा हे झाडीपट्टी नाटकाचं ठाणं. मंडळ्यांची कार्यालयं इथे आणि हंगामाची बोलणी इथेच ठरतात. त्यापूर्वीचे थर म्हणजे दंडार, खडी गंमत, डाहाका. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीवर आणि झाडीबोलीवर जन्मभर काम केलं, म्हणून या थरांना आज नावं तरी आहेत. खडी गंमत उभ्याने करायची. कलगी आणि तुरा असे दोन पक्ष, एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं. खरं तर परीक्षण तिथे मंचावरच होतं : समोरचा शाहीर तुमच्या गाण्यातली चूक पुढच्याच कडव्यात सगळ्यांदेखत सांगतो. याहून कडक समीक्षक मी पाहिला नाही.

नाटकाच्या गाण्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती प्रेमातून आहे. रात्रभर जागून पाच-सहा गाणी ऐकावीत, त्यांतलं एक बहुधा जुन्या संगीत नाटकाच्या वळणाचं असतं. नायिका पेटीवर सूर घेते, थंडीत कुडकुडणारा मंडप गप्प होतो. पुण्या-मुंबईत जे ऐकायला आता तिकीट काढून खास मैफलीत जावं लागतं, ते इथे शेकोटीच्या धुरात, ऊबदार रग पांघरलेल्या धानकऱ्यांसमोर चालू असतं. त्यानंतर लगेच कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर एक लावणी येते. चाल हिंदी सिनेमातली, शब्द कोणत्याही गावाला चालतील असे. मला लावणीचं वावडं नाही. दुःख याचं की विनोदी पात्र झाडीबोलीत बोलतं तेव्हा सगळा मंडप हसतो, ‘ण’चा ‘न’ करणारी ती बोली तिथे जिवंत आहे, आणि गाणं सुरू झालं की भाषा एकदम पुस्तकी होते. झाडीबोलीत प्रेमाचं गाणं का नसावं? हसायला जी बोली पुरते ती रडायलाही पुरेल. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तीही पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेंवर भूमिका करणाऱ्या, गुरनोलीसारख्या गावातून आलेल्या नटाला. अभिनयाला मान मिळाला, आता गाण्यांकडेही कुणी तसं पाहावं.

खंजिरीचा उल्लेख टाळून चिमूरचा माणूस मला घरी जाऊ देणार नाही. तुकडोजी महाराजांनी ऑगस्ट १९४२ च्या आधी याच भागात खंजिरीवर भजनं म्हटली, आणि १६ ऑगस्टला चिमूर इंग्रजांविरुद्ध उठलं. एका तळहाताएवढ्या वाद्यावर एवढा भार कधी पडला नसेल. तुकडोजींच्या भजनांना कर्त्याचं नाव शेवटच्या ओळीतच असतं, ‘तुकड्या म्हणे’. संतपरंपरेने ही सोय करून ठेवली आहे. गाणाऱ्याने नाव ओळीत शिवून टाकलं की कुणी ते काढून टाकू शकत नाही.

आता नवी गाणी. २०१० मध्ये शेजारच्या छत्तीसगडात ‘सीजीनेट स्वर’ सुरू झालं. साध्या फोनवरून क्रमांक लावायचा आणि आपलं गाणं, बातमी, तक्रार नोंदवायची. पुढे ‘बुलटू रेडिओ’ आला, म्हणजे ब्लूटूथने एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाणारे गोंडी कार्यक्रम. जिथे नेटवर्क पोचत नव्हतं तिथे गाणं आठवडी बाजाराच्या दिवशी हातोहात पोचलं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाख ८४ हजारांवर भरले. सहा-सात राज्यांत विखुरलेल्या एवढ्या लोकांसाठी कोणत्याही मोठ्या तबकडी कंपनीने फार काही केलं नव्हतं. आज धानोरा, कोरची, सिरोंचाकडची पोरं स्वतःच गाणं बांधतात, तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या खोलीतल्या स्टुडिओत गातात, आणि यूट्यूबवर टाकतात. लग्नात डीजेवर तेच वाजतं.

यांतली पुष्कळ गाणी मला आवडत नाहीत. आवाज यंत्राने इतका सरळ केलेला असतो की गळ्यातलं रान निघून जातं. ठेका एकच, छत्तीसगडी गाण्यांतून आलेला. मुलगी पळसाखाली नाचते, ड्रोन वर जातो, पुढच्या गाण्यातही तोच ड्रोन. पण मागच्या उन्हाळ्यात मोहफुलांच्या दिवसांत एका दुकानदाराने मला त्याच्या फोनवर एक गाणं ऐकवलं. सुरुवात नेहमीचीच, कीबोर्ड. दुसऱ्या कडव्याला कीबोर्ड थांबला आणि खरा ढोल आला, कातडं थोडं सैल असलेला, त्यामुळे थाप घुमत नव्हती, नुसती बसत होती. त्यावर मुलींनी रेल्यासारखी ओळ उचलली, पहिलीचा सूर विझायच्या आत. पाऊल उशिरा पडतं ती जागाही होती. चार मिनिटांच्या गाण्यात ती वीस सेकंद असतील, पण बसवणाऱ्याला ती कळली होती, हे स्पष्ट होतं. मी ते तीनदा ऐकलं, दुकानदार गिऱ्हाईक बघत राहिला.

मग मी गाण्याखालचा मजकूर उघडला. गायिका दोन, त्यांची गावं. गीत कुणाचं, चाल कुणाची. कॅमेरा, संकलन, मोटारसायकल कुणी दिली तेही. आणि सगळ्यांत शेवटी एका ओळीत ढोल वाजवणाऱ्याचं नाव, त्याच्या गावासकट. मी वही काढली आणि ते आधी लिहून घेतलं.