देखाव्याचाही हिशेब मांडता येतो!

पवनचक्की असो की पाण्यावर तरंगणारी सौर पॅनेलं, वीज स्वच्छ मिळते. पण गावाचं क्षितिज बदलतं. ते किती बदलेल, हे आधी मोजता येतं. आपल्याकडे मात्र ते मोजायची सक्तीच नाही!

भिलाई म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उंच धुरांडी, रात्री लालसर उजळणारं आकाश आणि सरळ रेषेत आखलेली सेक्टरं. सोव्हिएत रशियाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. नोकरीच्या निमित्तानं देशभरातून माणसं इथं आली, तशी मराठी कुटुंबंही आली आणि रुजली. पण लोखंडाच्या या शहराला एक शांत, निळा चेहराही आहे. तो म्हणजे मरोदा. कारखान्याला आणि वसाहतीला पाणी पुरवणारा इथला जलाशय.

याच मरोद्याच्या पाण्यावर १५ मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प उभारायची योजना आखली गेली. एनटीपीसी आणि सेल या दोन सरकारी कंपन्यांच्या संयुक्त कंपनीकडे हे काम आहे. कल्पना चांगलीच आहे. जमीन अडत नाही, पाण्याच्या गारव्यानं पॅनेलं तापत नाहीत आणि झाकलेल्या पाण्याची वाफही कमी होते. तेलंगणातल्या रामगुंडमला असाच १०० मेगावॅटचा प्रकल्प २०२२मध्ये पूर्ण झाला. त्यानं सुमारे ५०० एकर पाणी व्यापलं आहे. या मापानं १५ मेगावॅटला ७५ एकर लागतील. म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर लांब आणि तितकाच रुंद चौकोन!

मग तलाव दिसेल कसा?

हा प्रश्न कुणी विचारला तर लोक हसतील. वीज महत्त्वाची की देखावा? पण जगात अनेक ठिकाणी हा प्रश्न थट्टेचा मानत नाहीत. त्याचं रीतसर शास्त्र आहे आणि ते वाढलं ते मुख्यतः पवनचक्क्यांच्या निमित्तानं.

वारा असतो माथ्यावरच

छत्तीसगडच्या सपाट मुलखात पवनचक्क्या का दिसत नाहीत? कारण इथला वारा मंद. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातून मिळणारी शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणूनच पवनचक्कीवाले जोरदार वाऱ्याची जागा शोधत डोंगरमाथ्यावर पोहोचतात. आणि डोंगरमाथा म्हणजे चहूबाजूंनी दिसणारी जागा. खरी अडचण इथंच आहे. जिथं वारा उत्तम, तिथंच पवनचक्की सर्वांत जास्त नजरेत भरते.

भारतात पवनचक्क्यांचे पहिले प्रकल्प १९८६मध्ये उभे राहिले. त्यात गुजरातचं ओखा आणि तमिळनाडूचं तुतिकोरिन होतं, तसं आपलं रत्नागिरीही होतं. तेव्हाची यंत्रं अवघ्या ५५ किलोवॅटची. पुढं सातारा जिल्ह्याची पाळी आली. कोकणातून चढून येणारा पावसाळी वारा सह्याद्रीच्या पठारांवर सुसाट सुटतो. पाटण तालुक्यातलं वनकुसवडे आणि सज्जनगडाच्या पुढं ठोसेघरच्या वाटेवरचं चाळकेवाडी, या पठारांवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आज महाराष्ट्राची पवनऊर्जेची क्षमता सुमारे पाच हजार मेगावॅट आहे. देशानं २०२५मध्ये ५० हजार मेगावॅटचा टप्पा ओलांडला.

पवनचक्क्यांनी सातारकरांच्या नजरेला काय दिलं? यावर एकमत होणं कठीण. चाळकेवाडीला पर्यटक पवनचक्क्या बघायलाच जातात, फोटो काढतात. आणि ज्यांनी मोकळं पठार पाहिलंय, त्यांना तिथं गेलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. दोघंही खरं बोलतात. म्हणूनच आवडीनिवडीच्या पलीकडचं काही माप लागतं.

करंगळी, तीन बोटं आणि चंद्र

हे माप काय असतं, याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. आजची मोठी पवनचक्की पात्याच्या टोकापर्यंत सुमारे २०० मीटर उंच असते. म्हणजे जवळपास पावणेतीन कुतुबमिनार! आता हात समोर सरळ लांब करा. तीन बोटं जुळवून आडवी धरा. दोन किलोमीटरवरची अशी पवनचक्की तुम्हाला या तीन बोटांच्या जाडीपेक्षा थोडी उंच दिसेल. दहा किलोमीटरवरची करंगळीच्या जाडीएवढी. वीस किलोमीटरवर गेलात तर ती पौर्णिमेच्या चंद्राएवढी भासेल. पण चंद्र स्थिर असतो, पाती फिरतात. आणि फिरणाऱ्या वस्तूकडे नजर आपोआप वळते.

ब्रिटनमध्ये निसर्गदृश्यावरच्या परिणामांचं मूल्यमापन कसं करावं, याची मार्गदर्शिका तिथल्या तज्ज्ञ संस्थांनी १९९५मध्ये काढली. तिची तिसरी आवृत्ती २०१३मध्ये आली. तिची रीत समजायला सोपी आहे.

पहिली पायरी नकाशाची. डोंगर-दऱ्यांच्या उंचीची माहिती संगणकाला दिली की यंत्र कुठून दिसेल आणि कुठून आड जाईल, ते रंगवून मिळतं. यात झाडं, घरं धरलेली नसतात. म्हणून हा नकाशा जास्तीत जास्त वाईट चित्र दाखवतो.

दुसरी पायरी जागा निवडण्याची. गावाचा पार, देवळाची पायरी, शाळेचं पटांगण, गडाचा बुरूज, हमरस्त्याचं वळण. कुठून पाहायचं, हे गावकऱ्यांशी बोलून ठरवायचं.

तिसरी पायरी फोटोची. त्या प्रत्येक जागेवरून फोटो काढायचा आणि त्यात प्रस्तावित पवनचक्क्या अचूक मापानं बसवायच्या. इथं एक मेख आहे. फोटो रुंद कोनाच्या भिंगानं काढला तर दूरचा डोंगर बुटका दिसतो आणि त्यावरची पवनचक्की काडीसारखी! म्हणून डोळ्याला दिसतं त्याच्या जवळ जाणारं ५० मिलिमीटरचं भिंग वापरायचा दंडक आहे. कंपनीनं दाखवलेल्या रंगीत चित्रात पवनचक्क्या फारच नाजूक दिसल्या, तर आधी भिंग कोणतं, हे विचारावं!

चौथी पायरी तोलण्याची. बघणारा कोण आहे? घराच्या खिडकीतून रोज बघणारी आजी, पायी जाणारा वारकरी, की ऐंशीच्या वेगानं जाणारा ट्रकवाला? प्रत्येकाची नजर सारखी नाही. बघणाऱ्याची नजर किती हळवी आणि बदल किती मोठा, या दोन्हींचा मेळ घालून परिणाम किरकोळ की गंभीर, हे लिहायचं.

एवढं करून प्रकल्प रद्दच करायचा असतो, असं मुळीच नाही. रांग थोडी खाली सरकवली, दोन-तीन यंत्रं वगळली, पात्यांची एकमेकांत गर्दी दिसणार नाही असं अंतर ठेवलं, चकाकी नसलेला फिका करडा रंग दिला, तारा जमिनीखालून नेल्या, की बराच फरक पडतो. हे सगळं कागदावर असताना फुकट होतं. सिमेंटचा पाया भरल्यावर काहीच होत नाही.

कायद्याच्या यादीत नाव नाही

आपल्याकडे काय स्थिती आहे? पर्यावरण परिणामांच्या अभ्यासाची देशव्यापी अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ची. कोणत्या प्रकल्पांना आधी मंजुरी घ्यावी लागेल, याची तिच्यात यादी आहे. त्या यादीत पवनचक्क्यांचा प्रकल्प नाही. सौर पॅनेलांनाही तशी मंजुरी लागत नाही. वनजमीन घ्यायची असेल तर १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगी लागते, तेवढंच. प्रदूषण नाही, म्हणून अभ्यास नाही, असा सरळ हिशेब!

पण धूर नसला म्हणजे परिणाम नसतो का? पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवनचक्क्यांसाठी डोंगरात कापलेल्या रस्त्यांची दखल घेतली होती. यंत्राचं एकेक पातं वर न्यायला रुंद, वळणांचा रस्ता लागतो. दुरून पाहिलं तर कित्येकदा पवनचक्कीपेक्षा डोंगराच्या अंगावरची ही ओरखड्यासारखी रेघच जास्त खुपते.

चाळकेवाडीत तर डोळ्यांना सहज न दिसणारा बदल पुढं आला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या डॉ. मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं केलेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या जागांपेक्षा त्या नसलेल्या जागी शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. पक्षी घटले म्हणून सरडे वाढले. गळ्याखाली निळा-केशरी पंखा फुलवणारा इथला सरडा माणूस जवळ आला तरी पूर्वीसारखा पळेना. भीती कमी झाली, पण गर्दी वाढल्यानं अंगानं तो रोड राहिला! वरच्या आकाशात काय बदललं, हे खालच्या दगडावरच्या सरड्यानं सांगितलं.

याच जिल्ह्यातलं कास पठार आणि कोयना अभयारण्य २०१२मध्ये जागतिक वारसायादीत गेले. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१०चा. म्हणजे ज्या मुलखाची किंमत जगानं मान्य केली, त्याच मुलखात शेजारच्या पठारांचं रूप कोणत्याही आगाऊ हिशेबाशिवाय बदलून गेलं होतं.

दुसरी संधी येते आहे

पवनचक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचं. साताऱ्यातली जुनी यंत्रं आता त्या वयाला आली आहेत. जुनी छोटी यंत्रं काढून त्या जागी थोडी पण मोठी, उंच यंत्रं बसवण्याचं केंद्र सरकारचं धोरण २०१६मध्ये आलं, २०२३मध्ये ते सुधारलं गेलं. यात संख्या घटेल आणि वीज वाढेल. पण उंचीही वाढेल आणि जी गावं आजवर आडोशाला होती, त्यांनाही पाती दिसू लागतील. पहिल्या वेळी कुणी विचारलं नाही, या वेळी विचारता येईल.

मरोद्यालाही हेच लागू आहे. इथली गोष्ट पवनचक्कीच्या उलट. पॅनेलं उंच नसतात, पाण्यालगत पसरतात. काठावर उभ्या माणसाला लांबवर एक काळपट रेघ दिसेल. पण पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून पाहिलं तर तीच रेघ नऊ-दहा पट जाड होईल. सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असताना काही बाजूंना चमक येईल. कोणत्या काठाला किती पाणी मोकळं ठेवायचं, पॅनेलांचे तराफे कोणत्या बाजूला ढकलायचे, हे प्रश्न काही गच्च्या आणि काही काठ निवडून, फोटो काढून सोडवता येतात. त्याला ना मोठा खर्च लागतो, ना वर्षं.

भिलाईकरांना हे नव्यानं शिकवायला नको. त्यांनी धुरांड्यांचं क्षितिज आपलंसं केलं, त्याचा अभिमान बाळगला. माणसाची नजर सरावते, हे खरंच. पण कशाला सरावायचं, हे आधी दाखवून, विचारून झालं तर तो सराव लादलेला वाटत नाही.

तेव्हा तुमच्या गावात असा प्रकल्प येणार म्हणून ग्रामसभा बोलावली गेली, तर नोकऱ्या किती आणि भाडं किती, हे जरूर विचारा. त्याच्या जोडीनं आणखी तीन प्रश्न विचारा. हे कुठून कुठून दिसेल? आमच्या देवळाच्या पायरीवरून काढलेला, खऱ्या मापाचा फोटो कुठं आहे? आणि जागा थोडी बदलली तर काय फरक पडेल? उत्तर मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं, तर ते मिळेपर्यंत ठरावावर सही करायची घाई नको.