पोटातली साखर, डोक्यातली आठवण

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा किती? जेमतेम 2 टक्के. पण नुसतं स्वस्थ बसून असतानाही शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली सुमारे 20 टक्के हा पठ्ठ्या एकटा फस्त करतो! शिवाय स्नायूंसारखा साखरेचा मोठा साठाही त्याच्याकडे नाही. रक्तातून येईल त्यावर गुजराण.

मग रक्तात साखर वाढली की मेंदूची चंगळच व्हायला हवी. होतं नेमकं उलटं!

स्नायूंना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं. मेंदूचं बहुतेक काम त्यावाचून भागतं. त्यामुळे इन्सुलिनचा मेंदूशी काय संबंध, असंच मानलं जाई. 1978 मध्ये उंदरांच्या मेंदूत चक्क इन्सुलिन पकडणारे रिसेप्टर सापडले. नव्या आठवणी जिथे घडतात त्या हिप्पोकॅम्पसमध्येही ते असतात, आणि इन्सुलिन तिथे पेशींमधल्या जोडण्या पक्क्या करायला हातभार लावतं.

आता खरी कमाल. काम संपलेल्या इन्सुलिनचे तुकडे करणारं एक एन्झाइम आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड बीटा असतं ना, त्याचेही तुकडे हेच एन्झाइम करतं! सफाई कामगार एक, गल्ल्या दोन. शरीर इन्सुलिनला दाद देईना आणि पहिल्या गल्लीत ढीग वाढला, तर दुसरीत झाडू कधी पोचणार? परीक्षानळीत तरी अगदी असंच दिसतं. जिवंत मेंदूतला मामला याहून गुंतागुंतीचा आहे. त्यात वाढती साखर आणि रक्तदाब बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, ते वेगळंच.

अमेरिकेत 2067 ज्येष्ठांवर झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्यांतसुद्धा, सरासरी साखर 100 ऐवजी 115 असणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका 18 टक्क्यांनी जास्त आढळला.

‘मी कुठे लठ्ठ आहे, मला कशाला साखरेची भीती?’ असं म्हणताय? बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दोघांचा फोटोच छापला.

दिलासा देणारी गोष्टही आहे. 2011 च्या एका प्रयोगात वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला. त्या वयात वाढ, तीही नुसतं चालून!

तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस विसरू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आणि साखर औषधांनी फार खाली ढकलणंही मेंदूला घातकच, त्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.