कात्री चाहत्याची, भाग बीबीसीचा

जानेवारी १९७२ मध्ये बीबीसीवर 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेतली 'डे ऑफ द डालेक्स' ही चार भागांची कथा दाखवली गेली. डालेक हे मालिकेतले सर्वांत गाजलेले खलनायक. मिरपूडदाणीसारख्या दिसणाऱ्या धातूच्या कवचात बसलेले, दयामाया न जाणणारे जीव. बऱ्याच वर्षांनी ते परतले होते आणि टीव्ही मालिकेत पहिल्यांदाच रंगीत दिसत होते. कथेच्या शेवटी ते एका इंग्लिश हवेलीवर हल्ला करतात. आत जागतिक शांतता परिषद भरलेली, बाहेर सैन्याचा पहारा, आणि हिरवळीवरून चालून येणारी डालेकांची सेना मोजून तीन! सोबत ओग्रॉन नावाचे मूठभर वानरमुखी शिपाई. बीबीसीकडे त्या वेळी तीनच डालेक वापरण्याजोगे होते. दिग्दर्शक पॉल बर्नार्ड यांनी कॅमेरा कसाही फिरवला, तरी तिनाचे तीसही होईनात. तीन तिगाडा, काम बिगाडा.

गंमत म्हणजे ही कथा मुळात उत्तम आहे. लेखक लुई मार्क्स यांनी कालप्रवासाचा पेच असा बांधला आहे की आजही त्याला दाद द्यावी. बाविसाव्या शतकातले बंडखोर विसाव्या शतकात येतात. सर रेजिनल्ड स्टाइल्स या मुत्सद्द्याने परिषदेत स्फोट घडवला, त्यातून युद्धे पेटली आणि पुढे पृथ्वी डालेकांच्या हाती गेली, अशी त्यांची समजूत. म्हणून त्याला मारायला ते आलेले. मालिकेचा नायक डॉक्टर याला शेवटी उमगते ते असे, की स्फोट करणारे हे बंडखोरच होते. भविष्य बदलायला निघालेल्यांनीच ते घडवले होते. इतकी चांगली कथा आणि इतका लंगडा शेवट! हातात कात्री असलेल्या चाहत्याला चैन पडू नये अशीच ही जागा.

फॅन एडिट म्हणजे हेच. प्रसारित झालेला भाग किंवा चित्रपट घ्यायचा आणि स्वतःच्या समजुतीप्रमाणे त्याचे पुन्हा संकलन करायचे. हा छंद संगणकाच्या आधीचा आहे. १९७५ मध्ये कँडी फाँग या अमेरिकन चाहतीने 'स्टार ट्रेक'च्या टाकून दिलेल्या फिल्मच्या चौकटी स्लाइड म्हणून वापरल्या आणि टेपवरच्या गाण्याबरोबर त्या दाखवल्या. पुढे दोन व्हीसीआर जोडून काम सुरू झाले. एकावर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर कोरी. पॉजचे बटण दाबले की यंत्र किंचित मागे सरकायचे, म्हणून तेवढा हिशेब डोक्यात धरून कट मारावा लागे. १९९९ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाला कात्री लावून केलेल्या 'द फँटम एडिट'मुळे या प्रकाराला प्रसिद्धी मिळाली. तो करणारा माइक निकोल्स हा व्यवसायानेच संकलक होता.

चित्रपटापेक्षा मालिकेचा भाग कापणे मला अधिक रंजक वाटते. कारण आठवड्याची वाट पाहणे हे त्याच्या बांधणीतच असते. जुन्या 'डॉक्टर हू'चा प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. शेवटी कोणीतरी संकटात, मग शीर्षकसंगीताचा कर्कश आरंभस्वर, आणि पुढच्या शनिवारी तोच प्रसंग थोडा पुन्हा. सलग पाहताना ही उजळणी खटकते. 'डे ऑफ द डालेक्स'मध्ये तर तो कर्कश स्वर काही उजळण्यांमध्येही घुसला आहे. श्रेयनामावल्या आणि उजळण्या काढल्या तरी सात-आठ मिनिटे सहज वाचतात. पण हा झाला हमालीचा भाग. खुद्द बीबीसीनेही ते केले आहे. हीच कथा १९७३ मध्ये तासाभराची सलग आवृत्ती करून पुन्हा दाखवली गेली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पीबीएस वाहिन्यांवरही या मालिकेच्या कथा भाग जोडून चित्रपटासारख्या दाखवल्या जात. थोडक्यात, चाहत्यांच्या आधी मालकांनीच कात्री चालवली होती.

खरी परीक्षा त्यानंतर. या कथेच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत डॉक्टर आणि त्याची सहकारी जो यांना क्षणभर आपलेच दुसरे रूप समोर दिसते. का दिसते, याचा पुढे पत्ताच नाही. संहितेत शेवटी त्याची जोड होती. सगळे संपल्यावर दोघे प्रयोगशाळेत परततात आणि पहिल्या प्रसंगातल्या स्वतःला पाहतात. तो शेवट पडद्यावर आलाच नाही. टेरन्स डिक्स यांनी १९७४ मध्ये या कथेची कादंबरी लिहिली, तिच्यात मात्र तो आहे. आता संकलकाने काय करावे? सुरुवातीचा प्रसंग उडवावा, की त्याच प्रसंगाच्या चौकटी उलट्या अंगाने वापरून शेवट बनवावा? पहिला मार्ग स्वच्छ आहे. दुसरा मोहक आहे, पण त्याला लागणारे संवाद कुठेच ध्वनिमुद्रित नाहीत. मी पहिला निवडेन.

तिसऱ्या भागात डॉक्टर तीनचाकी मोटारगाडीवरून पळतो आणि ओग्रॉन धावत त्याच्या मागे लागतात. डॉक्टर साकारणारे जॉन पर्टवी यांना वाहनांचे भारी वेड, म्हणून हा पाठलाग. तो इतका संथ आहे की तिथे कात्री आपसूक जाते. याउलट हवेलीत डॉक्टर यजमानाच्या वाइनवर आणि चीजवर ताव मारत बसतो, तो प्रसंग कथेच्या दृष्टीने शून्य कामाचा. पहाऱ्यावरच्या सार्जंट बेंटनच्या तोंडचा घास त्याचा वरिष्ठ काढून घेतो, तेही तिथलेच. वेग वाढवायला निघालेले संकलक सर्वांत आधी अशा जागा उडवतात आणि तिथेच फसतात. वेग वाढतो, माणसे उरत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीनेच १९६३-६४ ची सात भागांची पहिली डालेक-कथा रंगवून पंचाहत्तर मिनिटांत बसवली. तिच्यावर ज्यांनी नाके मुरडली, त्यांचे म्हणणे बहुतांशी हेच होते. रंग कोणाला फारसा खुपला नाही, धाप लागणे खुपले.

आणि आता आवाज. नवखा संकलक चित्र कापतो, मुरलेला आधी आवाज ऐकतो. जुन्या मालिकांचा ध्वनी एकाच पट्ट्यावर असतो. संवाद, संगीत, यंत्रांची घरघर, सगळे एकजीव. चित्र कुठेही तोडा, डोळा माफ करतो. संगीताची ओळ मध्येच तुटली, तर कान कधीच माफ करत नाही. म्हणून आवाजाचा कट चित्राच्या कटाच्या थोडा आधी किंवा नंतर ठेवतात, म्हणजे एका दृश्याचा ध्वनी दुसऱ्यावर ओघळतो आणि सांधा लपतो. त्याच दृश्यातल्या एखाद्या निःशब्द क्षणाची पार्श्वभूमी उचलून सांध्याखाली पसरायची, हा दुसरा उपाय. आता मिसळलेल्या ध्वनीतून संवाद आणि संगीत वेगळे काढणारी सॉफ्टवेअर आली आहेत. त्यांनी बरेच काम सोपे केले, पण आवाजाला कधीकधी पाण्याखालून आल्यासारखा पोत येतो.

'डे ऑफ द डालेक्स'चे खरे दुखणेही आवाजातच होते. डालेकचा आवाज रिंग मॉड्युलेटर या उपकरणातून काढतात. नटाच्या आवाजाचा सुमारे तीस हर्ट्झच्या खोल स्वराशी गुणाकार होतो आणि त्यातून तो थरथरता, धातूचा उच्चार निघतो. १९७२ मध्ये उपकरण होते, बोलण्याची ढब हरवली होती. शब्दांचे सुटे सुटे तुकडे, चढउतार नाही, राग नाही. त्यामुळे डालेक भयंकर वाटण्याऐवजी पाठांतर म्हणून दाखवत आहेत असे वाटे. हे कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही, ते पुन्हा बोलूनच घ्यावे लागते.

२०११ मध्ये नेमके ते झाले. या कथेच्या डीव्हीडीसाठी स्टीव्ह ब्रॉस्टर यांनी एक विशेष आवृत्ती तयार केली. काम अधिकृत, पण तळमळ चाहत्याची. डालेकांना आवाज दिला निकोलस ब्रिग्ज यांनी. ते १९८० च्या दशकात हौशी मंडळींबरोबर 'डॉक्टर हू'ची ध्वनिनाट्ये कॅसेटवर करत आणि २००५ पासून मालिकेतल्या डालेकांचा अधिकृत आवाज आहेत. डालेकला ओठ नसतात, त्यामुळे डबिंग सोपे वाटेल. पण त्याच्या डोक्यावरचे दिवे बोलण्याबरोबर लुकलुकतात, म्हणजे नवे बोलणेही त्या जुन्या लुकलुकीत बसायला हवे! शेवटच्या हल्ल्यासाठी काही दृश्ये नव्याने चित्रित करून जुन्या चित्रणात मिसळली, शस्त्रांना किरण दिले, डालेकांची संख्या वाढवली. परिणाम मोठा आहे, तरी मला विचाराल तर त्यातला सिंहाचा वाटा ब्रिग्ज यांच्या गळ्याचा. नवे डालेक विसरले जातात, नवा आवाज लक्षात राहतो.

ध्वनी हा चाहत्यांचा जुनाच प्रांत. बीबीसीने १९६० च्या दशकातल्या कितीतरी चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या, अनेक फिल्म प्रती टाकून दिल्या. 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग अशाने नाहीसे झाले. पण त्यातल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण घरोघरी काही मुले टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसत. एक उदाहरण घ्या. मालिकेचे पहिले दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, कादंबरीकार अतिया हुसेन यांचे पुत्र. त्यांची पहिली कथा शिल्लक राहिली. १९६४ ची 'मार्को पोलो' मात्र सातही भाग गमावून बसली. जॉन क्युरा नावाचा छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचेच फोटो काढून निर्माता-दिग्दर्शकांना विकत असे. 'मार्को पोलो'च्या सहा भागांचे असे फोटो हुसेन यांच्याकडे निघाले. चौथ्या भागाचे नव्हते, कारण तो भाग त्यांनी दिग्दर्शित केलाच नव्हता! फोटो आणि चाहत्यांनी टेप केलेला आवाज जोडून या कथेची अर्ध्या तासाची संक्षिप्त आवृत्ती २००६ मध्ये डीव्हीडीवर आली. त्याआधी कित्येक वर्षे 'लूज कॅनन' नावाचा चाहत्यांचा गट अशीच पुनर्बांधणी करत होता. कोरी कॅसेट पाठवा, भरून परत मिळेल, नफा नाही, हा त्यांचा शिरस्ता.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. अमेरिकेत २०१० पासून ना-नफा व्हिडिओंसाठी डीव्हीडीतले छोटे अंश काढून घेण्याला मर्यादित सूट मिळाली. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापराला आणि समीक्षेला उचित मर्यादेत जागा देते. पण २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ उल्लंघनाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवते. कलम ५७ नुसार कलाकृतीची मोडतोड लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा आणत असेल, तर तो दाद मागू शकतो. 'आपका बंटी' या आपल्या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाबाबत हिंदी लेखिका मन्नू भंडारी याच कलमाखाली दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. तेव्हा घरात, स्वतःच्या विकत घेतलेल्या प्रतीवर काय करायचे ते करा. आख्खा बदललेला भाग इंटरनेटवर चढवणे ही वेगळी गोष्ट आहे.

करून पाहायचे असेल, तर साधने फुकट मिळतात. डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती आणि आवाजासाठी ऑडॅसिटी एवढे पुरे. जुना ब्रिटिश कार्यक्रम असेल तर प्रकल्प सेकंदाला पंचवीस चौकटींवर ठेवा, नाहीतर हालचाल अडखळते. आख्खा भाग हाती घेऊ नका, एक प्रसंग घ्या. प्रत्येक कट कुठे आणि का मारला, त्याची यादी वहीत ठेवा. कायदेशीर प्रत असलेल्या मित्राला चित्रफीत न देता ती यादी देता येते. आणि 'डे ऑफ द डालेक्स' मिळवलीत, तर २०११ च्या त्या संचात दोन्ही आवृत्त्या आहेत. आधी १९७२ ची बघा, तीन डालेकांसकट.