मोडी दप्तरासाठी खिशातला कॅमेरा

इंदूरच्या जुन्या घरांतलं दप्तर बहुधा एकदाच उघडून दाखवतात. फोटो हलला, की तो कागद गेलाच. गुंतलेली मोडी अंदाजाने वाचता येत नाही. मी इंजिनिअर, तरी सांगतो, छोटा डिजिटल कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. फ्लॅश बंद होतो का, थोडा झूम करूनही जवळचं स्पष्ट येतं का, दोन सेकंदांचा टायमर आहे का, हे दुकानातच पाहा. (बटण दाबतानाच कॅमेरा हलतो.) झूमशिवाय अगदी जवळ गेलात, तर कागदाच्या कडा बाकदार येतात. डिजिटल झूम नकोच, तो नुसता फोटो कातरतो. कागदावर खिडकीचा सारखा उजेड हवा. शिलालेखाला उलट: तिरपं ऊन, म्हणजे खोदीव रेघ उठते. आणि प्रत्येक रुमाल सोडताना आधी त्याच्या क्रमांकाची चिठ्ठी टिपा.