एक पत्ता, तीस संगणक



एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात तीस संगणक असतात, पण इंटरनेटची जोडणी एकच. मग एकाने मागितलेले पान दुसऱ्याच्या पडद्यावर का उघडत नाही? ही किमया कोपऱ्यातल्या राउटरची.

इंटरनेटवर निरोप पोहोचायचा तर यंत्राला पत्ता हवा. त्याला आयपी पत्ता म्हणतात. चौथ्या आवृत्तीचे पत्ते ३२ बिटांचे. सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरणार नाहीत हे ओळखून १९९४ साली पत्ताबदलाची युक्ती मांडली गेली. तिचे नाव नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजेच 'नॅट'.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत. ते हजेरी क्रमांकासारखे असतात. 'पाच नंबर' बेळगावच्या वर्गात असतो, तसाच निपाणीच्याही. पाकिटावर नुसते 'पाच नंबर' लिहिले तर पोस्टमनने जायचे कुठे? बाहेरच्या जगासाठी लागणारा सार्वजनिक पत्ता राउटरकडे असतो.

राउटर हा शाळेच्या कारकुनासारखा जावक नोंदवही ठेवतो. समजा, १९२.१६८.१.५ या संगणकाने एक पान मागितले. राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून तिथे शाळेचा पत्ता घालतो, ४०००१ असा पोर्ट क्रमांक देतो आणि वहीत नोंद करतो. उत्तर ४०००१ वर आले, की नोंद पाहून ते त्याच संगणकाकडे धाडतो. काही वेळ ये-जा थांबली, की नोंद पुसली जाते.

नोंद नसलेले आगंतुक टपाल सहसा आत येत नाही. पण तेवढ्यावर विसंबू नका. आपणच मागवलेल्या फाइलमध्ये व्हायरस असेल, तर तो राजरोस आत येतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये या पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला. सहाव्या आवृत्तीचे पत्ते १२८ बिटांचे असल्याने तिथे टंचाई नाही. तरी जुने पत्ते आणि नॅट अजून वापरात आहेत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाहेरून हे तीसही संगणक एकाच पत्त्याचे दिसतात. एकाने खोडसाळपणा केला आणि संकेतस्थळाने तो पत्ताच अडवला, तर शेजारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीचेही दार बंद होते. म्हणून सामायिक पत्ता जपून वापरावा.